नवऱ्याची सिकलची टेस्ट निगेटिव्ह आली, मग आता चान्स घ्यायला हरकत नाही ना?

हा प्रश्न मला महिन्यातून दोन-तीनदा तरी येतो, कधी ओपीडीत तर कधी आशाताईंच्या फोनवरून. बायको एएस, म्हणजे सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची वाहक (एक जीन चांगला, एक सिकलचा), नवऱ्याची गावातल्या कॅम्पमधे सोल्युबिलिटी नावाची सिकलची साधी टेस्ट झाली ती निगेटिव्ह, घरचे म्हणतात आता कशाला थांबता. माझं उत्तर असतं की बहुतेक हरकत नसतेच, पण नवऱ्याची अजून एक टेस्ट होऊ द्या. आणि मग समोरच्याचं तोंड पडतं, की हिला निगेटिव्ह कळत नाही का!

खरं सांगायचं तर सुरुवातीची काही वर्षं मी पण निगेटिव्ह दिसलं की जा बिनधास्त म्हणून मोकळी व्हायची. आता नाही होत. का ते एका जोडप्यामुळे सांगते, ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक गोष्टी बदलल्यात.

चंद्रपूर जिल्ह्यातलं गाव, लग्नाला आठ महिने झालेले. ती आश्रमशाळेत असताना तपासणीत एएस निघाली होती, तेव्हाचं कार्ड तिनं प्लास्टिकच्या पिशवीत घालून जपून ठेवलेलं. तब्येत एकदम ठणठणीत, वाहकाला बहुतेक वेळा काही त्रास नसतोच, तो आजारी नाही हे मी दिवसातून दहा वेळा सांगत असते. पण सासूबाईंनी दारातूनच सुरू केलं, "हे तं हिच्या माहेरचं दुखणं हाये मॅडम, आमच्या घरात असं कोणालेच नाई." ती बिचारी खाली मान घालून कार्डाची पिशवी गुंडाळत बसलेली. मुलाचं पण सोपं, "मले काय झालं? मी कापसाचे बोरे एकटा चढवतो ट्रॉलीत. अन् टेस्ट बी झाली, निगेटिव्ह हाय." दाखवायला मोबाईलमधे चिठ्ठीचा फोटो होताच.

मी त्याला आमच्या लॅबमधे नेलं. सोल्युबिलिटी म्हणजे काय ते डोळ्यांनी बघितलं की पटतं, बोलून नाही पटत. एका नळीत औषधाचं पाणी असतं, त्यात बोटातून काढलेलं थोडंसं रक्त टाकायचं, पाच-सात मिनिटं थांबायचं, आणि नळीमागे काळ्या रेषांचा कागद धरायचा. रक्तात एस, म्हणजे सिकलचं हिमोग्लोबिन असेल तर पाणी गढूळ होतं आणि रेषा दिसत नाहीत, नसेल तर रेषा स्पष्ट दिसतात. त्याच्या नळीतून रेषा स्वच्छ दिसल्या, तिच्या नळीत दूध पडल्यासारखं झालेलं. तो म्हणाला, "मंग झालं न मॅडम."

नाही झालं. ही नळी फक्त एकच प्रश्न विचारते, एस आहे का. थॅलेसेमिया हा रक्ताचा दुसरा आनुवंशिक आजार, त्याच्या वाहकाच्या रक्तात एस नसतोच, त्यामुळे त्याच्या नळीतून पण रेषा अशाच स्वच्छ दिसतात. आणि आई सिकलची वाहक आणि वडील बीटा थॅलेसेमियाचे वाहक असं जमलं तर बाळाला सिकल-बीटा थॅलेसेमिया होऊ शकतो, तो कधी हलका असतो पण कधी कधी एसएससारखाच, म्हणजे दोन्ही जीन सिकलचे असलेल्या आजारासारखाच जड जातो, तेच हातापायांचं दुखणं, तेच रक्त चढवणं. दोघं एएस असले तर बाळ एसएस होऊ शकतं हे आता गावागावात माहीत झालंय, ही दुसरी जोडी कोणाच्या डोक्यात नसते. 2023 च्या जुलैमधे केंद्राचं सिकलसेल मिशन सुरू झालं, चाळिशीच्या आतल्या 7 कोटी लोकांना तपासायचं त्यांचं टार्गेट, त्यामुळे कॅम्प वाढले हे चांगलंच झालं, पण कॅम्पमधे जो पॉझिटिव्ह येतो त्याचंच रक्त पुढे इलेक्ट्रोफोरेसिस नाहीतर एचपीएलसीला, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून बघणाऱ्या टेस्टला जातं, निगेटिव्हवाला तिथूनच घरी. कॅम्पच्या दृष्टीने ते बरोबर आहे, इतक्या लोकांचं एचपीएलसी कुठून करणार. पण बायको एएस आहे हे एकदा कळलं की नवऱ्याचं एचपीएलसी व्हायलाच पाहिजे.

तो तयार नव्हता, ऐन वेचणीचे दिवस, ट्रॅक्टर जिनिंगला न्यायचा होता. मग निघता निघता तो बोलून गेला की दोन-तीन वर्षांखाली ताप आला तेव्हा एका डॉक्टरने रक्त कमी आहे म्हणून लोहाच्या लाल गोळ्या दिल्या होत्या, चार महिने खाल्ल्या, काही फरकच पडला नाही. म्हटलं तो रिपोर्ट आहे का? शोधून फोटोंच्या ढिगातून काढला. हिमोग्लोबिन 12.4, ते फार कमी नाही, पण एमसीव्ही 64. एमसीव्ही म्हणजे लाल पेशीचा आकार, 80 च्या वर असायला पाहिजे. आणि लाल पेशींची संख्या 61 लाख! लोह कमी असलं तर पेशी लहान होतात पण संख्याही सहसा कमीच असते, इथे पेशी बारक्या आणि संख्या भरपूर. हे दिसलं की थॅलेसेमियाच्या वाहकाची शंका घ्यायचीच. साधा सीबीसी, म्हणजे रक्तपेशी मोजायचा रिपोर्ट आहे हा, तालुक्याला पण होतो, कागद घरात पडून असतो आणि कोणी त्या नजरेनं बघत नाही.

जिल्ह्याला एचपीएलसीसाठी सॅम्पल पाठवलं. एचबीए-टू, म्हणजे हिमोग्लोबिनचा एक प्रकार, 5.2 टक्के आलं, साधारण साडेतीनच्या आत असायला पाहिजे. म्हणजे तो बीटा थॅलेसेमियाचा वाहक.

पुढच्या भेटीत तिघंही आले. सासूबाई बराच वेळ काही बोलल्याच नाहीत, मग हळूच म्हणाल्या, "म्हणजे आमच्याकडून बी हाये का?" मी म्हटलं हो, त्याला आईकडून नाहीतर वडिलांकडून आलंय, तुमच्या दोघांचं तपासल्याशिवाय कोणाकडून ते सांगता येणार नाही, आणि कळलं तरी भांडायचं नाही. सून पहिल्यांदा हसली त्या दिवशी.

मी आकडे सांगत नाही, टेबलावर दाणे ठेवते. तिच्यापुढे एक तुरीचा दाणा आणि एक सरकी, त्याच्यापुढे एक तुरीचा दाणा आणि एक हरभरा. तूर म्हणजे चांगला जीन, सरकी सिकलचा, हरभरा थॅलेसेमियाचा. बाळ दोघांकडून एकेक दाणा उचलतं, न बघता. तूर-तूर आलं तर काहीच नाही, तूर-सरकी किंवा तूर-हरभरा आलं तर आईबापासारखा वाहक, आणि सरकी-हरभरा जमलं तर आजार. चारातली एक शक्यता. सासूबाईंना डोळे मिटून उचलायला लावलं, त्यांना दोन्ही तुरी आल्या, बाई खूश. म्हटलं आता दाणे परत ठेवा, दुसऱ्या बाळासाठी उचला. त्या म्हणाल्या, "नाई बाप्पा, बस झालं." हेच ते, दाणे परत ठेवायचे हे लोक विसरतात. पहिलं आजारी निघालं म्हणजे पुढचे तीन चांगले असं समजून चालणारी घरं मी बघितलीत, आणि उलटंही, पहिलं चांगलं झालं म्हणून दुसऱ्या वेळी न तपासणारी. प्रत्येक खेपेला चारही दाणे टेबलावर परत असतात.

मग मूल होऊच द्यायचं नाही का, हे त्याने विचारलं, तिने नाही. मी कोणालाच तसं सांगत नाही. दोघांची डीएनए टेस्ट आधी करून घ्यायची, म्हणजे त्याचा थॅलेसेमिया नेमका कोणत्या प्रकारचा, जड की हलका, ते कळतं आणि पुढे बाळात काय शोधायचं ते ठरतं. दिवस गेल्यावर साधारण अकरा-बारा आठवड्यांत वारेचा बारीक तुकडा घेऊन, नाहीतर सोळा आठवड्यांनंतर पोटातलं पाणी काढून बाळाचं तपासता येतं. मुंबईत केईएमच्या आवारात आयसीएमआरची संस्था आहे तिथे हे काम होतं. गर्भपाताची थोडी रिस्क असते, ती लपवायची नाही. मुलगा की मुलगी ते सांगत नाहीत, कायद्याने गुन्हा आहे, सासूबाई विचारायच्या आत मीच सांगून टाकलं. तपासणीत आजार निघाला तर पुढे काय करायचं ते त्या दोघांनी ठरवायचं. काही जोडपी काहीच तपासत नाहीत, बाळ झाल्यावर बघू म्हणतात, ते पण चालतं, फक्त बाळाचं रक्त जन्मल्यावर लगेच तपासून घ्या, कारण आजार लवकर कळला तर पेनिसिलिन, लसी, पुढे हायड्रॉक्सीयुरियाचं औषध, बरंच काही करता येतं. बाळासाठी ती सोल्युबिलिटीची नळी मात्र नको, सहा महिन्यांच्या आत ती फसवते.

आमच्याकडे खरी अडचण वेगळीच असते. तीन महिने होईपर्यंत कोणाला सांगायचं नाही, नजर लागते. चौथ्या-पाचव्या महिन्यात बाई माझ्याकडे येते तेव्हा वारेच्या तपासणीची वेळ निघून गेलेली असते आणि सगळी धावपळ होते. म्हणून तिला म्हटलं, पाळी चुकली की आठवड्याच्या आत फोन, आधी मला, मग बाकी गावाला. सासूबाईंकडे बघून म्हटलं, तुम्ही पण चालाल. त्या म्हणाल्या, "मीच करते फोन, हिले कायले सुचते."

दोघांचं डीएनएचं सॅम्पल गेलंय, रिपोर्ट यायचाय, तोवर थांबलेत. निघताना तो दारात घुटमळला, "मंग माह्या बहिणीले बी असू शकते का?" हो, निम्मा चान्स. ती गोंदियाकडे दिलेली, एक मुलगी आहे, दुसऱ्याचा विचार चाललाय म्हणे. म्हटलं दोघा नवरा-बायकोचं सीबीसी आणि एचपीएलसी करून घ्या म्हणावं. त्याने तिथूनच फोन लावला जावयाला. जावई म्हणाले, "मले काई त्रास नाई न. पाहू, वेचणी झाली का येतो."

परवा परत फोन केला मी, अजून वेचणी झालेली नाही.