महापुरामुळे लोकांच्या येण्याजाण्याच्या सवयी कायमच्या बदलतात का?

कोल्हापूरपुरतं सांगतो. पूर ओसरला की थोड्याच दिवसांत सगळं जैसे थे होतं. त्याच दुचाक्या, तीच केएमटी (महापालिकेची बस), सांगली फाट्यावर तीच कोंडी. बदललंय ते एवढंच, की पाणी चढायला लागलं की लोक आता वेळेत हलतात.

जुलैत इथं सकाळी ग्रुपवर पहिला प्रश्न असतो, 'किती फूट?' म्हणजे राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची पातळी किती. 39 फूट इशारा, 43 फूट धोका. पण रोज ये-जा करणाऱ्याला कुठला रस्ता कधी पाण्याखाली जातो तेच जास्त पाठ. आधी शिंगणापूर, रुई, इचलकरंजी असे बंधारे बुडतात, त्यांच्यावरून जाणारा रस्ता बंद होतो आणि पलीकडच्या गावाला लांबचा वळसा पडतो. मग गगनबावडा रस्ता मांडुकलीला, रत्नागिरी रस्ता केर्लीला. शिरोलीजवळचा पुणे-बेंगळुरू हायवे सगळ्यात शेवटी.

ऑगस्ट 2019 मध्ये पातळी 55 फुटांच्या वर गेली आणि हा हायवे जवळजवळ आठवडाभर बंद राहिला. मिरजेकडची रेल्वेही बंद. टँकर येईनात, म्हणून उरलेलं पेट्रोल अत्यावश्यक गाड्यांसाठी राखून ठेवलं. रस्ता कोरडा असलेल्या भागातही गाड्या दारात उभ्या. जुलै 2021 मध्ये हायवे पुन्हा पाण्याखाली.

आता पाणी चाळिशीकडे सरकलं की पंपावर रांग लागतेच. आम्ही शिरोली एमआयडीसीत कामाला जाणारे पावसाळाभर बॅगेत कपड्यांचा एक जोड ठेवतो. नदीपलीकडेच अडकलो तर नागावला पाहुण्यांकडे मुक्काम. (पाहुण्यांनाही सवय झालीय.)

खरा बदल बघायचा तर नदीकाठच्या प्रयाग चिखली, आंबेवाडी या गावांत. 2019 ला तिथून कित्येकांना बोटीनं काढावं लागलं. माणूस एकटा निघेल हो, पण गोठ्यातली म्हैस सोडून कोण निघणार? म्हणून आता जनावरं आधी हलतात. ट्रॉलीत वैरण, मागं दाव्याला म्हशी, सगळं उंचावरच्या सोनतळीकडे. घरचे नंतर.

सरकारी उपायांत मात्र रस्ता उंच करण्यावर भर राहिलाय. भरावानं पाणी अडतं आणि आमच्या अंगावर येतं, ही इथली जुनी तक्रार. मलाही ती पटते. पाण्याला खालून वाट हवी, म्हणजे पिलरवरचा पूल हवा. तो होईपर्यंत जुलै-ऑगस्टात कोल्हापूरला यायचं तर निघायच्या आधी फूट विचारा.