2023 मधलं माझं आवडतं डान्स म्युझिक, आणि ते बडोद्यात कसं वाजतं

तुझे प्रश्न दोन आहेत. 2023 सालातलं कोणतं इलेक्ट्रॉनिक डान्स म्युझिक मला सगळ्यात जास्त आवडलं, आणि त्यात मेलोडिक टेक्नो कसं वाटतं, हा एक. आणि बडोद्यात क्लब नाहीत, पार्टी प्लॉटवर, म्हणजे समारंभांच्या भाड्याच्या मैदानावर, दर दहा मिनिटांनी कुणीतरी बॉलिवूडची फर्माईश घेऊन येतं, तर फेब्रुवारीत आत्तेबहिणीच्या लग्नातल्या संगीताच्या कार्यक्रमाला यातलं काही वाजवण्यात अर्थ आहे का, हा दुसरा. तू दादा म्हणून विचारलंस आणि कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहेस म्हणालास, म्हणून अरेतुरे करतो. दुसऱ्याचं उत्तर आधी देतो, कारण माझी आवड त्यावरच घडलेली आहे.

अर्थ आहे, भरपूर आहे. गुजरात राज्य 1960 साली झालं तेव्हापासून इथे दारूबंदी आहे. त्यामुळे आपल्याकडे नाचणारा माणूस शुद्धीवर असतो. तो काय वाजतंय ते नीट ऐकतो, आवडलं नाही तर सरळ आइस्क्रीमच्या काउंटरकडे जातो. शिवाय लहानपणापासून दरवर्षी नवरात्रात गोल फिरून त्याच्या पायात ताल मुरलेला असतो. दोन टाळी, तीन टाळी, हींच हे गरब्याचे प्रकार त्याला कुणी शिकवावं लागत नाही. 2023 मध्ये 6 डिसेंबरला बोत्स्वानातल्या कसाने गावच्या बैठकीत युनेस्कोने गरब्याला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं, त्याचा मला मनापासून आनंद झाला. पण डीजे म्हणून मला त्याहून महत्त्वाचं हे वाटतं की जगातल्या फार थोड्या शहरांत आजीपासून नातीपर्यंत सगळ्यांना एका ठेक्यावर पाऊल टाकता येतं. असल्या पायांसमोर तू नुसता धप-धप-धप-धप सरळ ठोका तासभर लावलास तर त्यांना कंटाळा येणारच. त्यांना ठोक्यांच्या मधे जागा हवी असते. माझ्या 2023 मधल्या आवडत्या गाण्यांत जवळजवळ प्रत्येक ठिकाणी तुला ही जागा सापडेल.

सुरुवात स्क्रिलेक्स आणि फ्रेड अगेन हे दोन संगीत-निर्माते आणि फ्लोडॅन यांच्या 'रम्बल'पासून. हे गाणं 4 जानेवारीला आलं, म्हणजे उत्तरायणाच्या बरोबर दहा दिवस आधी, आणि दांडिया बाजारातल्या एका जुन्या वाड्याच्या गच्चीवर मी ते पहिल्यांदा मोठ्या आवाजात लावलं. फ्लोडॅन हा लंडनच्या ग्राइम (तिथलं रॅपसारखं संगीत) पिढीतला एमसी, म्हणजे माइकवर रॅप करणारा, आवाज विहिरीतून आल्यासारखा खोल. गाण्याचा वेग मिनिटाला 140 ठोके, पण ड्रमचे आघात अर्ध्या वेगाने पडतात, त्यामुळे पाय 140 वर आणि मान 70 वर. खरी गंमत पुढे आहे. आवाज संपतो, सगळं थांबतं, एक श्वास जातो, आणि मग खालचा बेस येतो. त्या थांबण्यावर अख्खं गाणं उभं आहे. गच्चीवर सबवूफर (बेस वाजवणारा मोठा स्पीकर, थोडक्यात सब) मधोमध ठेवला तर बेस मोकळ्या हवेत विरून जातो, म्हणून आम्ही दोन्ही सब कठड्याच्या भिंतीला टेकवून ठेवले होते. भिंतीमुळे खालच्या पट्टीला आयता जोर मिळतो. बेस आला तसं पाण्याच्या टाकीचं झाकण थरथरायला लागलं आणि पलीकडच्या गच्चीवरची पतंग कापल्याची 'काय पो छे' ही आरोळी एकदम बंद पडून सगळे आमच्याकडे बघायला लागले. शेजारच्या काकूंनी उंधियूची वाटी हातात ठेवत विचारलं, "हे मधेच थांबतं ते मुद्दाम आहे ना रे?" यापेक्षा चांगलं परीक्षण मी या गाण्याचं वर्षभरात कुठे वाचलं नाही. त्याला ग्रॅमीचं नामांकनही मिळालं.

फेब्रुवारीत आलेला स्क्रिलेक्सचा 'क्वेस्ट फॉर फायर' हा पूर्ण अल्बमही ऐक. 2014 नंतरचा त्याचा हा पहिला सोलो अल्बम. त्याचं नाव काढलं की लोकांना दहा-बारा वर्षांपूर्वीची करवतीसारखी कर्कश डबस्टेप, म्हणजे जड बेसचं इलेक्ट्रॉनिक संगीत, आठवते. हा माणूस तिथून खूप पुढे आलाय. पॅलेस्टिनी गायिका नाई बरघुथीबरोबरचं 'झीना' लाव. तालवाद्यांचा असा काही भडिमार आहे की ढोल ऐकून वाढलेल्या माणसाला ओळख करून द्यावी लागत नाही.

आता त्या मोकळ्या जागेबद्दल जरा सविस्तर, कारण तू अजून घरीच डीजेच्या कंट्रोलरवर सराव करतोयस आणि हे एकदा कानात बसलं की तुझी गाणी निवडण्याची पद्धतच बदलेल. हाउस या सरळ ठोक्याच्या डान्स म्युझिकमध्ये किक, म्हणजे ड्रमचा खालचा जड ठोका, चारही मात्रांवर पडते. ब्रिटिश गॅराज या क्लब संगीताच्या टू-स्टेप प्रकारात दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवरची किक काढून टाकतात, आणि उरलेल्या किक, स्नेअर, हाय-हॅट (ड्रमसेटचे कोरडे आणि झांजेसारखे आवाज) किंचित मागेपुढे सरकवतात. म्हणजे तिथे आघात नाही, पण मात्रा आहे, आपल्या तबल्यातल्या खालीसारखी. ती भरायची कुणी? नाचणाऱ्याने. क्लबमध्ये नवखा माणूस तिथे अडखळतो. बडोद्यातला माणूस तिथे नकळत टाळी देतो. मी हे पार्टी प्लॉटवर पुन्हा पुन्हा पाहिलंय, आणि प्रत्येक वेळी मला तितकाच आनंद होतो.

या घराण्यातला 2023 चा माझा सर्वात लाडका अल्बम म्हणजे ओव्हरमोनोचा 'गुड लाइज'. मे महिन्यात आला. टॉम आणि एड रसेल हे वेल्समधले दोघे सख्खे भाऊ. दुसऱ्यांच्या गाण्यांतले आवाजाचे तुकडे घ्यायचे, ते वरखाली ताणून असे कापायचे की शब्द जातात आणि नुसती हुरहुर उरते, ही त्यांची खासियत. शीर्षकगीतात स्मर्झ या नॉर्वेच्या जोडीचा आवाज आहे. रात्री फतेगंजकडून घरी येताना गाडीत हा अल्बम मी वर्षभर ऐकला आणि अजून सोडवत नाही. संगीताच्या कार्यक्रमात तो अख्खा चालणार नाही, दोन गाण्यांच्या मधे शीर्षकगीत घे.

एव्हरीथिंग बट द गर्लचं 'नथिंग लेफ्ट टू लूज' याच वळणाचं. ट्रेसी थॉर्न आणि बेन वॉट हे नवरा-बायको तब्बल 24 वर्षांनी 'फ्यूज' हा अल्बम घेऊन परतले. साठीच्या घरातला आवाज, जरा जड झालेला, आणि खाली एकदम ताजा तुटक ठेका. हे फ्लोअर भरण्याआधी, पाहुणे अजून स्टार्टर घेत असताना वाजव. केन्या ग्रेसचं 'स्ट्रेंजर्स' तुझ्या कॉलेजातल्या सगळ्यांना पाठ असेल. 170 च्या आसपासची ड्रम अँड बेस, म्हणजे वेगवान तुटक ड्रम आणि जड बेस, आणि लिहिणं, गाणं, प्रोड्यूस करणं सगळं तिचं एकटीचं.

सरळ ठोक्याचं काही आवडलंच नाही असं मात्र समजू नकोस. पेगी गूचं 'नानाना' जूनमध्ये आलं आणि युरोपने उन्हाळाभर तेच वाजवलं. मूळची कोरियाची, बर्लिनमध्ये राहून नावारूपाला आलेली डीजे. वेग 130, नव्वदच्या दशकातल्या हाउसची मोकळी हवा, आणि मुखड्यात 'नानाना' एवढंच, भाषेची अडचणच नाही. दुसऱ्यांदा मुखडा आला की मावशा-आत्या बरोबर गायला लागतात. फर्माईशवाला माणूस समोर उभा असेल तेव्हा हे लाव, तो आपली चिठ्ठी खिशात ठेवून नाचायला जातो. डिस्क्लोजरचा 'अल्केमी' आणि केमिकल ब्रदर्सचा सप्टेंबरमधला अल्बमही चांगले आहेत, सवडीने ऐक.

मला आतून हलवलं ते रोमीच्या 'एन्जॉय युअर लाइफ'ने. द एक्सएक्स या बँडमधली ही गायिका, सप्टेंबरमध्ये तिचा 'मिड एअर' हा पहिला सोलो अल्बम आला. या गाण्यात बेव्हर्ली ग्लेन-कोपलंड या ज्येष्ठ गायकाच्या जुन्या गाण्यातला तुकडा घेतलाय: आई मला सांगते, आयुष्य मजेत जग. रोमीची आई ती लहान असतानाच गेली, हे कळल्यावर तो तुकडा पुन्हा ऐक. डान्स फ्लोअरवर हात वर करून रडू येऊ शकतं, यावर माझा पूर्वीपासून विश्वास आहे, आणि हे गाणं त्याचा पुरावा आहे. नवरी आणि तिची आई एकत्र फ्लोअरवर असतील तो क्षण हेर.

फोर टेटचं 'थ्री ड्रम्स' हे माझं वैयक्तिक वर्षाचं गाणं. फोर टेट म्हणजे किरन हेब्डन, आई भारतीय वंशाची. 2015 मध्ये यानेच लताबाईंचा आवाज घेऊन वीसेक मिनिटांचा एक तुकडा केला होता. 'थ्री ड्रम्स' आठ मिनिटांहून मोठं आहे. आधी नुसते ड्रम, खऱ्या ड्रमसेटसारखे सैल, मग त्यावर सिंथेसायझरचे ढग हळूहळू जमत जातात आणि शेवटी ड्रम त्यात विरघळतात. दहाला लाउडस्पीकर बंद करायचा असतो आणि जेवणं उरकून आपल्या हातात जेमतेम तासभर येतो, तिथे आठ मिनिटं एका गाण्याला द्यायची म्हणजे जिवावर येतं. मी ते दुसऱ्या गाण्याच्या खालून वाजवतो. आधीच्या गाण्याचा लो, म्हणजे बेस, पूर्ण कापायचा, 'थ्री ड्रम्स'च्या ड्रमचा लूप खाली चालू ठेवायचा, वर हवं ते गाणं. दोन गाण्यांचे बेस कधीही एकत्र सोडू नकोस, एकाचा चढव तेव्हा दुसऱ्याचा उतरव. सिंधरोटकडच्या एखाद्या फार्महाउसवर दुपारची हळद असेल आणि कुणाला घाई नसेल, तर मात्र ते पूर्ण वाजू दे.

मेलोडिक टेक्नोबद्दल तू खास विचारलंस. प्रचंड स्क्रीन, त्यावर चालणारे रोबो, आणि दोन-दोन मिनिटांचे ब्रेकडाउन ज्यात ठोकाच नसतो. मला हे संगीत थंड वाटतं. त्या दोन मिनिटांत लोक नाचायचे थांबून फोन वर करतात, आणि आपल्याकडे तर चक्क खुर्च्यांवर जाऊन बसतात. एकदा बसलेला माणूस परत उठवायला तीन गाणी खर्ची पडतात.

शेवटची शिफारस नाचायची नाही, ऐकायची. 1969 मध्ये अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडरने अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत (एनआयडी) मूग सिंथेसायझर बसवून इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ उभा केला. 1972 पर्यंत तिथे गीता साराभाई, आय. एस. माथूर, अतुल देसाई, एस. सी. शर्मा, जिनराज जोशीपुरा यांनी टेपवर काम केलं. त्या टेप्स संस्थेच्या संग्रहात पडून राहिल्या. पॉल पर्गस या ब्रिटिश कलाकाराने त्या शोधून काढल्या आणि 2023 मध्ये 'द एनआयडी टेप्स' नावाने त्यांचा संग्रह आला. त्यात शर्मांची एक रचना आहे, तिचं नावच 'डान्स म्युझिक'. आपल्यापासून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर, डिस्कोही अजून नीट जन्माला आला नव्हता तेव्हा, कुणीतरी मशीनवर नाचाचं संगीत करू पाहत होतं. मी ते हेडफोनवर ऐकलं आणि लगेच पुन्हा पहिल्यापासून लावलं. याआधी असं मला चरणजित सिंगांच्या रेकॉर्डने केलं होतं. मुंबईच्या फिल्मी ऑर्केस्ट्रातल्या या वादकाने 1982 मध्ये रोलंडची टीबी-303 (बेस सिंथेसायझर) आणि टीआर-808 (ड्रम मशीन) घेऊन भैरव, मालकंस वगैरे दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. त्याच टीबी-303 च्या आवाजावर उभं असलेलं शिकागोचं अ‍ॅसिड हाउस त्यानंतर पाचेक वर्षांनी जगाला कळलं. तेव्हा हे संगीत परक्यांचं आहे, आपण बडोद्यात ते उसनं आणून वाजवतो, असं कुणी म्हणालं तर त्याला ही दोन नावं सांग.

आता तुझ्या संगीताचं. स्टार्टरच्या वेळी 'नथिंग लेफ्ट टू लूज', मग घरच्यांचे बसवलेले नाच होऊ देत, त्यात लुडबूड करू नकोस. फ्लोअर खुला झाला की दोन ओळखीची हिंदी गाणी, त्यावर 'नानाना', मग 'गुड लाइज', परत हिंदी, मग 'झीना', आणि त्यालाच जोडून गरबा. नवरी मधोमध आली की 'एन्जॉय युअर लाइफ'. 'रम्बल' एकदाच, दहाच्या थोडं आधी. फाइल्स विकत घे, 320 केबीपीएसची एमपी3 तरी हवीच, जमल्यास वेव्ह (न दाबलेली मूळ दर्जाची फाइल). यूट्यूबवरून उतरवलेलं लॅपटॉपवर ठीक वाटतं, पण मोठ्या सबवर सगळं पोकळ होतं. आणि साउंडवाल्याला आदल्या दिवशीच फोन करून विचार, सब किती आणणार आणि कुठे ठेवणार. सब नको, टॉपवरच (वरच्या साध्या स्पीकरवर) भागवू म्हणाला तर 'रम्बल' यादीतून काढून टाक, बाकीचं तसंच राहू दे.