स्वस्तातला जुना फिल्म कॅमेरा दिवसभराच्या पायी वाटचालीला न्यावा का?

न्यावा. खिशात फोन असताना वीस-तीस किलोमीटर चालायला दीड-दोन हजारांचा जुना रोलचा कॅमेरा नेण्यात अर्थ आहे का, की तो ऐनवेळी दगा देतो, असे आपण विचारले आहे. या ‘दगा देतो’ शब्दांवरूनच माझा आणि माझ्या थोरल्या भावाचा वाद अजून मिटलेला नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

पुण्याच्या जुन्या बाजारातून मी ऑलिंपस ट्रिप 35 पंधराशे रुपयांना घेतला होता. 1967 ते 1984 या काळात निघालेल्या या कॅमेऱ्याला बॅटरी लागत नाही. भिंगाभोवतीचे खडबडीत कडे, म्हणजे सेलेनियमचा प्रकाशमापक, उजेडावरच चालतो. वजन सुमारे 400 ग्रॅम, त्यामुळे गळ्यात दिवसभर जाणवतही नाही. फोकसचे अंतर ठरवायला चार चित्रे आहेत : एक माणूस, दोघे, घोळका आणि डोंगर. चालताना घोळक्याच्या चित्रावर ठेवून द्यावे आणि विसरून जावे.

दोन वर्षे माउलींच्या पादुका बसने पंढरपूरला गेल्यानंतर 2022 मध्ये वारी पुन्हा पायी निघाली, तेव्हा आईने पुणे ते सासवड हा टप्पा चालायचाच असा हट्ट धरला. दादा, आई आणि मी उजाडण्याआधीच निघालो. हडपसरपर्यंत बटण दाबले की डोळा लावायच्या खिडकीत लाल पट्टी वर येई आणि शटर पडत नसे. याला पुष्कळ लोक बिघाड समजतात; वस्तुतः उजेड पुरेसा नसल्याचा तो इशारा असतो आणि त्यामुळे रोल वाया जात नाही. ऊन वर आल्यावर कॅमेरा टकटक चालू लागला. दिवे घाटात रथाला जादा बैलजोड्या जुंपलेल्या होत्या, खाली मस्तानी तलाव दिसत होता आणि आई कुणा अनोळखी बाईचे तुळशीवृंदावन डोक्यावर घेऊन वळण चढत होती. तिच्यापुढे चार पावले धावत जाऊन मी मागे वळलो आणि लागोपाठ तीन फोटो घेतले.

सासवडला पोहोचताना 36 फोटो संपून रोल पुढे सरकवायचे चाक अडायला हवे होते, पण ते फिरतच राहिले. रोल गुंडाळायची दांडी फिरवली तर दोन वळशांतच ती सैल पडली. फिल्मचे टोक पलीकडच्या फिरकीत अडकलेलेच नव्हते. दिवसभरात एकही चौकट पुढे सरकली नव्हती. पुढच्या वर्षापासून आईच्या गुडघ्यांनी घाट चढू दिला नाही.

‘रद्दीतला कॅमेरा, त्याने दगा दिला,’ असे दादा आजही म्हणतो. हे मला मुळीच मान्य नाही. रोल मी भरला होता. भरल्यावर चाक फिरवताना डावीकडची दांडीही उलटी फिरते की नाही, एवढे पाहिले असते तर घरीच चूक कळली असती. कॅमेऱ्याने त्या दिवशी सांगितलेले प्रत्येक काम केले. लाखाच्या कॅमेऱ्यात मी रोल असाच भरला असता तर तोही कोराच निघाला असता. 2023 मध्ये याच कॅमेऱ्यात इल्फर्ड कंपनीचा 400 संवेदनशीलतेचा कृष्णधवल रोल घालून मी तोच घाट चढलो आणि सगळे 36 फोटो आले, त्यांतले 20 तरी चौकटीत घालण्याजोगे आहेत.

विकत घेताना दुकानदाराचे बोलणे ऐकू नये. कडे तळहाताने झाकून बटण दाबावे, लाल पट्टी वर आली पाहिजे. उन्हाकडे धरून दाबावे, शटर पडले पाहिजे. फोनचा टॉर्च मारून भिंगात बुरशीचे धागे आहेत का, ते पाहावे. मागच्या दारातला, उजेड अडवणारा फोम डिंकासारखा चिकट झाला असेल तर तो खरवडून काळी लोकर बसवता येते, त्यासाठी कॅमेरा नाकारू नये.

दोन गोष्टी मात्र सांगायला हव्यात. स्वस्त असतो तो कॅमेराच. रोल, धुलाई आणि स्कॅन मिळून प्रत्येक खेपेला हजाराच्या वर जातात. दुसरे, सेलेनियम मेलेले असेल तर दुरुस्तीचा खर्च कॅमेऱ्याच्या किमतीपेक्षा जास्त होतो. तेव्हा एक रोल आधी आपल्याच गल्लीत संपवून, धुवून पाहावा, आणि तोवर जे पुन्हा घडणार नाही त्याचा एक फोटो फोननेही काढावा. एवढे दादाचे म्हणणे मी मानतो. कॅमेरा रद्दीत घाल, हे मानत नाही.