आईच्या डोक्यातली यादी
वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मुलं लहान, घर माणसांनी भरलेलं, आणि काय संपलंय, काय हरवलंय, कुणाला कधी कुठे न्यायचंय हे सगळं एकटीच्या लक्षात. या वेळच्या बहुतेक पत्रांचा सूर हाच होता. त्यातले सहा प्रश्न निवडले आहेत.

प्रश्न: मुलं ९, ६ आणि ३ वर्षांची आहेत. मी साडेपाचला उठते, तरी साडेसातला बाहेर पडताना रोज आरडाओरडा होतोच. अजून लवकर उठू का?

उत्तर: नको. तुमची झोप कमी होईल आणि गोंधळ अर्धा तास आधी सुरू होईल, एवढंच. आधी तीन दिवस एका कागदावर फक्त टिपून ठेवा: कोण किती वाजता उठलं, कुठे अडलं, काय सापडलं नाही. बहुतेक घरांत वेळ अंघोळीत किंवा खाण्यात जात नाही, तो शोधण्यात आणि ठरवण्यात जातो. एक मोजा, सही राहिलेली वही, आज कुठले बूट. ही सगळी कामं संध्याकाळची आहेत, ती सकाळी करायची नाहीत.

रात्रीच्या जेवणानंतर १५ मिनिटं यासाठी बांधून घ्या. वह्या बघून सह्या करायच्या, दप्तर भरून दाराशी ठेवायचं, उद्याचे कपडे मोजे आणि आतल्या कपड्यांसकट एकावर एक रचायचे, बाटल्या धुऊन उपड्या घालायच्या. मोजे विसरू नका, सकाळची निम्मी शोधाशोध मोज्यांचीच असते.

मग निघायच्या वेळेपासून उलटं मोजत या. ७:३० ला निघायचं तर ७:२० ला सगळे दाराशी, बूट चढवायला. खायला २० मिनिटं, म्हणजे ७ ला बसायचं. दोघा मोठ्यांचे दात आणि अंघोळ यांना २५ मिनिटं, म्हणजे ६:३५. उठून भानावर यायला १०. झाले ६:२५. पण या हिशेबात काही सांडलं, ऐन वेळी धाकट्याला शी लागली, यांना जागाच नाही. म्हणून आणखी १० मिनिटं मोकळी सोडा आणि मुलांना ६:१५ ला उठवा. ही मोकळी मिनिटं दुसऱ्या कामाने भरू नका. ती भरली की पुन्हा पहिले पाढे. धाकट्याला बाहेरचे कपडे खाऊन झाल्यावरच घाला.

दुसरी गोष्ट हाक मारण्याची. स्वयंपाकघरातून ‘तयार व्हा’ म्हणून ओरडलेलं सहा वर्षांच्या मुलापर्यंत पोहोचत नाही. ‘तयार हो’ हे त्याच्यासाठी एक काम नसून सहा-सात कामं आहेत आणि पहिलं कोणतं हे त्याला कळत नाही. जवळ जा, त्याने तुमच्याकडे बघू द्या आणि एकच सांगा: ‘शर्ट घाल.’ झाल्यावर पुढचं. वाचता न येणाऱ्यासाठी चार-पाच चित्रं क्रमाने, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर भिंतीला चिकटवा.

हे सगळं करूनही मूल उठतच नसेल तर झोप मोजा. ३ ते ५ वर्षांच्या मुलाला दुपारची धरून १० ते १३ तास आणि ६ ते १२ वर्षांच्या मुलाला ९ ते १२ तास झोप लागते. सव्वासहाला उठायचं आणि साडेनऊ तास झोप हवी, तर पावणेनऊला डोळा लागलेला असला पाहिजे. म्हणजे सव्वाआठच्या सुमारास दिवे बंद, आणि त्याआधी तासभर टीव्ही-मोबाइल बंद. सध्या दहाला झोपत असतील तर एकदम ओढू नका, दर दोन-तीन दिवसांनी १५ मिनिटं अलीकडे आणा. सुट्टीच्या दिवशी उठायची वेळ तासाभराहून जास्त पुढे गेली की सोमवारी सगळं मुळापासून.

प्रश्न: नवरा मदत करतो, नाही म्हणत नाही. पण प्रत्येक गोष्ट सांगावी लागते. सांगण्यापेक्षा स्वतः केलेलं लवकर होतं. यावर उपाय आहे का?

उत्तर: आहे. आधी ‘मदत’ हा शब्द सोडून द्या. कुठल्याही कामाचे तीन भाग असतात: ते लक्षात येणं, कसं-कधी ते ठरवणं, आणि करणं. तुमच्या घरात तिसरा भाग वाटला गेलाय, पहिले दोन तुमच्याकडेच आहेत, आणि थकवणारे तेच आहेत, कारण ते रात्री अंथरुणावरही चालू असतात. म्हणून काम द्यायचं तर मुळापासून टोकापर्यंत द्यायचं.

उदाहरणार्थ, मुलांचं आजारपण आणि लसी. पूर्ण काम म्हणजे लसींचं कार्ड कुठे आहे हे माहीत असणं, पुढची तारीख लक्षात ठेवणं, डॉक्टरांची वेळ घेणं, स्वतःच्या कामावर सुट्टी सांगणं, मुलाला नेणं, औषध आणणं, रात्री ताप बघणं आणि राहिलेल्या बाटलीची मुदत संपली की ती टाकणं. नुसतं ‘आज चारला डॉक्टरांकडे घेऊन जा’ ही वाटणी नाही, तो निरोप आहे.

मुलं झोपल्यावर तासभर दोघं बसा. एका चिठ्ठीवर एक काम, असं सगळं लिहून काढा. पहिल्या फेरीत स्वयंपाक, धुणं, बाजार अशी ठळक कामं येतील. खरी यादी दुसऱ्या फेरीत निघते: आठवड्याला नखं कापणं, तीन-चार महिन्यांनी दातांचे ब्रश बदलणं, आखूड झालेले कपडे बाजूला काढणं, वाढदिवसाच्या भेटवस्तू, शाळेचे निरोप वाचणं. चिठ्ठ्या वाटून घ्या, आणि प्रत्येक चिठ्ठीवर ‘झालं म्हणजे काय’ हेही ठरवा. ‘ओटा आवरणं’ म्हणजे एकासाठी भांडी घासणं, दुसऱ्यासाठी ओटा पुसलेला, सिंक रिकामं, कचरा बाहेर आणि फडकं वाळत घातलेलं. भांडणं बहुधा याच फरकातून होतात, आळशीपणातून नव्हे.

त्यानंतरचा भाग अवघड आहे, आणि तो तुमच्याकडे आहे: आठवण करून द्यायची नाही. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एखादा दिवस मूल खेळाचे बूट न घेता शाळेत जाईल. जाऊ द्या. तुम्ही हळूच जाऊन दुरुस्त केलंत की काम तुमच्याकडे परत आलं. औषधं, मुलांना शाळेतून आणणं आणि आग-गॅस यांत मात्र चूक होऊ देणं परवडत नाही; तिथे सुरुवातीला दोघांनीही बघा.

आठवड्यातून एकदा २० मिनिटं दिनदर्शिका घेऊन बसा. फोनमधली चालते, पण एक भिंतीवरही हवीच, कारण फोनमधली मुलांना आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना दिसत नाही. मुलांच्याही चिठ्ठ्या काढा. तीन वर्षांचं मूल मळके कपडे टोपलीत टाकतं, सहाचं मोज्यांच्या जोड्या लावतं, नऊचं कपड्यांच्या घड्या करून स्वतःचं दप्तर भरतं. बारा वर्षांच्या मुलाला वॉशिंग मशीन लावता यायलाच हवं, मुलगा असो की मुलगी.

प्रश्न: पाच माणसांचं धुणं संपतच नाही, आणि धुऊनही टॉवेलना कुबट वास येतो. साबण जास्त घालून पाहिला.

उत्तर: वास त्या जास्तीच्या साबणानेच वाढला असण्याची शक्यता मोठी. न निघालेला साबण कापडात आणि मशीनच्या आत थर धरतो आणि त्या थरात जंतू वाढतात. पाकिटावर लिहिलंय तेवढंच माप घ्या. ड्रम ठासून भरू नका. कपड्यांच्या वर हाताचा पंजा सहज आत गेला पाहिजे. समोरून दार असलेल्या मशीनला कमी फेसाचीच पावडर वापरा.

मशीनही धुवावं लागतं. दाराच्या रबराच्या घडीत ओलं फडकं फिरवा, तिथे काळा थर आणि हरवलेले लहान मोजे दोन्ही सापडतात. साबणाचा कप्पा काढून घासा. खालची जाळी महिन्यातून एकदा उघडा, आधी खाली पसरट भांडं ठेवून, कारण आतलं पाणी भस्सकन बाहेर येतं. महिन्यातून एकदा कपडे न घालता ६० अंशांवर मशीन चालवा. धुणं झाल्यावर दार उघडं ठेवा, पण लहान मूल रांगत-चढत असेल तर ते आत शिरणार नाही एवढंच.

ओला टॉवेल टोपलीत टाकू नका, वाळवून मग टाका. धुतलेले कपडेही तासाभरात बाहेर काढा. रविवारी डोंगर उपसण्यापेक्षा रोज एक धुणं बरं: रात्री लावायचं, वाळत घालायचं, कालचं घडी करायचं. प्रत्येक मुलाचे मोजे एकाच रंगाचे घेतले तर जोड्या शोधायला लागत नाहीत.

डाग: रक्त, दूध, अंडं यांना थंड पाणी; गरम पाण्याने ते पक्के बसतात. तेलाच्या डागावर कोरड्या कापडालाच भांडी घासायचा द्रवसाबण चोळून १० मिनिटांनी धुवा. आणि एक गोष्ट कधीही नको: क्लोरीनचं ब्लीच संडास साफ करायच्या आम्लात, व्हिनेगरमध्ये किंवा अमोनियाच्या द्रवात मिसळणं. विषारी वायू तयार होतो, आणि बंद न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो.

प्रश्न: दोन मुलांना एकदम ताप आला. रात्री कुणाला किती औषध दिलं तेच कळेना. काय करावं?

उत्तर: कागद लावा, फ्रिजवर किंवा औषधांच्या कपाटावर. मुलाचं नाव, वेळ, किती मिलिलिटर, कुणी दिलं. आईने दिलं, तासाभराने बाबांनीही दिलं, ही चूक चांगल्या जागरूक घरांतही होते.

पॅरासिटामॉल वयापेक्षा वजनावर मोजणं बरं: एका वेळी दर किलोला १५ मिलिग्रॅमपर्यंत. १२ किलोच्या मुलाला जास्तीत जास्त १८० मिलिग्रॅम. आता खरा धोका बघा. सिरप वेगवेगळ्या ताकदीची मिळतात. ५ मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅम असेल तर हे ७.५ मिलिलिटर होतं. ५ मिलिलिटरमध्ये २५० असेल तर फक्त ३.६. जुनी बाटली संपली, नवी वेगळी आली आणि माप तेच राहिलं, तर मात्रा दुपटीवर जाते. म्हणून तुमच्या डॉक्टरांकडून प्रत्येक मुलाची मात्रा त्याच बाटलीसाठी लिहून घ्या आणि बाटलीवर चिकटवा. घरातला चमचा वापरू नका, सुईविना सिरिंज किंवा सोबतचं माप घ्या. दोन मात्रांत किमान ४ तास, शक्यतो ६. दिवसरात्रीत चारपेक्षा जास्त वेळा नाही. सर्दीच्या काही औषधांतही पॅरासिटामॉल असतंच, ते वाचून बघा. ॲस्पिरिन मुलांना देऊ नका.

शांत झोपलेल्या मुलाला केवळ औषधासाठी उठवायची गरज नाही. पण तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ अंश सेल्सिअस किंवा जास्त ताप असेल तर घरी उपाय न करता लगेच डॉक्टरांकडे. मोठ्या मुलातही श्वास जोरात चालणं, मान ताठ होणं, झटके, हाक मारूनही नीट जागं न होणं, आठ तास लघवी न होणं, किंवा पारदर्शक ग्लास दाबूनही न फिकटणारे पुरळ यांपैकी काहीही दिसलं तर सकाळ होण्याची वाट बघू नका.

प्रश्न: कामावरून आले की तिघंही एकदम बोलतात आणि मग आपसांत भांडतात.

उत्तर: आल्या आल्या फोन आणि पिशवी बाजूला ठेवून पहिली १५ मिनिटं मुलांना द्या, स्वयंपाकाला नंतर हात लावा. आधी कोण बोलणार याचा क्रम वारानुसार ठरलेला असू द्या. भांडण तुम्ही पाहिलेलं नसेल तर न्याय करू नका, तुम्हाला अर्धीच गोष्ट कळणार. हाणामारी असेल तर दोघांना वेगळं करा. वस्तूवरून असेल तर १० मिनिटांचा गजर लावून पाळी ठरवा. मुलांना आईचा निर्णय अन्यायाचा वाटतो, पण गजरावर ती रुसत नाहीत.

प्रश्न: रात्री झोपूनही सकाळी अंगात त्राण नसतं. एवढ्या कामात हे चालायचंच का?

उत्तर: नाही. कामाने आलेला थकवा दोन-तीन रात्री नीट झोप मिळाली की उतरतो. तो उतरत नसेल तर रक्त तपासा: हिमोग्लोबिन, फेरिटिन आणि थायरॉइडचं टीएसएच. गरोदर नसलेल्या स्त्रीचं हिमोग्लोबिन डेसिलिटरला १२ ग्रॅमच्या खाली असेल तर तो रक्तक्षय. हिमोग्लोबिन बरोबर असूनही लोहाचा साठा, म्हणजे फेरिटिन, आटलेला असू शकतो. मासिक पाळी जास्त जात असेल तर विशेष. लोहाची गोळी सुरू झाली तर चहा-कॉफीपासून एक-दोन तास लांब ठेवा, नाहीतर लोह अंगी लागत नाही. आणि दोन आठवड्यांहून जास्त मन उदास असेल, कशातच रस वाटत नसेल, तर तेही डॉक्टरांना याच भेटीत सांगा.

ही तपासणी पुढे पुढे ढकलली जाते, कारण यादीत तुमचं नाव शेवटी असतं. तिचीही एक चिठ्ठी करा. तारीख भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर लिहा, आणि त्या सकाळी मुलांना शाळेत कोण सोडणार ते त्याच्याच खाली.