कीबोर्डच्या बटणांवर आपले टोन लावून ते कायमचे कसे ठेवायचे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही वाडीच्या मंडळात कीबोर्ड वाजवता. सत्यनारायणाच्या पूजेला, जत्रेला भजनापासून मुलांच्या नाचापर्यंत सगळ्यांना साथ करावी लागते. बासरीवरून पेटीवर यायचं म्हटलं की शेकडो टोनमधून, म्हणजे वाद्यांच्या आवाजांतून, नंबर शोधत बसावं लागतं आणि तोवर भजन गाणारे बुवा पुढच्या ओळीवर गेलेले असतात. बटणांवर टोन लावून पाहिले, पण दुसऱ्या दिवशी कीबोर्ड चालू केला तर सगळं गायब.

मीही मालवणकडे हीच साथ करतो. तुमची अडचण खरी आहे आणि ती पूर्ण सुटते. त्यासाठी आधी एक गोष्ट समजून घ्या. बटणात टोन साठत नाही. कोणता टोन, टोनच्या कोणत्या गटातला, कितव्या नंबरचा, एवढा पत्ता साठतो आणि त्याच्यासोबत त्या क्षणीची कीबोर्डची सगळी मांडणी साठते. त्यात आवाज किती, रिव्हर्ब (घुमारा) किती, स्प्लिट (डाव्या-उजव्या हाताला वेगळे टोन देणारी विभागणी) कुठे, कोणती स्टाइल (आपोआप वाजणारा ठेका आणि साथ), टेम्पो (लय) काय आणि बहुतेक मॉडेलांत ट्रान्सपोज (बोटं न हलवता सूर वर-खाली करणारी सोय) किती, हे सगळं येतं. हे डोक्यात पक्कं बसलं की पुढच्या निम्म्या अडचणी येतच नाहीत.

१९७८ साली प्रॉफेट-५ हा सिंथेसायझर आला. त्याआधी वादकांना नॉब कुठे ठेवले ते कागदावर टिपून ठेवावं लागायचं. प्रॉफेटमध्ये मायक्रोप्रोसेसर होता, तो चाळीस आवाजांची मांडणी लक्षात ठेवायचा आणि बटण दाबलं की परत हजर करायचा. आज आपल्या हातातल्या साध्या कीबोर्डात जी सोय आहे ती तिथून आली.

आता पद्धत. यामाहाच्या पीएसआर मॉडेलांत याला रजिस्ट्रेशन मेमरी म्हणतात. टोन निवडायचा, आवाज जुळवायचा, मग मेमरीचं बटण दाबून धरायचं आणि आकड्याचं बटण दाबायचं. कॅसिओमध्ये मेमरीऐवजी स्टोअर दाबून धरतात. रोलँडच्या एक्सपीएस आणि जुनो मालिकेत हेच काम फेव्हरेट करतं. पण तिथे एक फरक आहे. फेव्हरेट फक्त पॅच (एक टोन) किंवा परफॉर्मन्सकडे (एकत्र लावलेले अनेक टोन) बोट दाखवतं. तुम्ही पॅचमध्ये काही बदललं असेल, म्हणजे बासरीचा अटॅक (सूर उमटतानाची सुरुवात) कमी केला, रिव्हर्ब वाढवला, तर आधी तो पॅच राइट करून, म्हणजे जतन करून, युजर जागेत ठेवायचा आणि मगच फेव्हरेटला लावायचा. नाहीतर बटण दाबल्यावर कंपनीची मूळ बासरी येते, तुमची येत नाही.

तुमचं सगळं गायब का झालं? बहुधा कारण हे: यामाहाच्या पीएसआर-एस आणि एसएक्ससारख्या मोठ्या मॉडेलांत बटणावर लावणं आणि जतन करणं ही दोन वेगळी कामं आहेत. बटणावर लावलेलं तात्पुरतं असतं. ती सगळी बटणं मिळून एक बँक होते आणि ती बँक फाइल म्हणून सेव्ह करावी लागते, युजर मेमरीत किंवा पेनड्राइव्हवर. सेव्ह न करता कीबोर्ड बंद केला की गेलं. छोट्या पीएसआर-ई आणि पीएसआर-आय मालिकेत फाइलची ही भानगड नाही, मेमरी तिथल्या तिथे राहते. पण तिथे वेगळा धोका आहे. उजव्या टोकाची, सर्वांत वरच्या सुराची पांढरी पट्टी दाबलेली असताना स्वीच चालू केला तर कीबोर्ड कारखान्यातल्या मूळ सेटिंगवर जातो. स्टेजवर झाकणाचा कपडा, वायर, कुणाचा तरी हात त्या टोकाला पडलेला असतोच. चालू करण्याआधी पट्ट्या मोकळ्या आहेत की नाही ते बघा.

आणि स्क्रीनवर रायटिंग किंवा सेव्हिंग दिसत असताना काहीही करू नका. आपल्याकडे पावसात लाईट कधी जाईल सांगता येत नाही. सेव्हचं काम इन्व्हर्टरवर करा, किंवा लाईट लपलपत नसेल तेव्हा शांतपणे घरी बसून करा. मंडपात जनरेटर सुरू व्हायची वाट बघत असताना बँक सेव्ह करायला जाऊ नका.

आता ट्रान्सपोजबद्दल सविस्तर लिहितो, कारण भजनाची साथ बिघडते ती इथेच.

समजा तुम्ही पहिल्या बटणावर पेटी लावलीत, दुसऱ्यावर बासरी, तिसऱ्यावर व्हायोलिन. सगळी घरी बसून लावलीत, ट्रान्सपोज शून्यावर. कार्यक्रमात बुवांनी काळी एक धरली आणि तुम्ही ट्रान्सपोज त्याप्रमाणे केलं. रूपाचा अभंग छान झाला. मग बुवा मागे वळून म्हणतात, "अर्धो सूर वर घे रे." तुम्ही एक अंकाने वर घेतलंत. गवळण सुरू झाली, बासरी हवी म्हणून दोन नंबर दाबलात आणि ट्रान्सपोज एकदम शून्यावर आलं, कारण घरी ते बटण शून्यावर साठवलेलं होतं. बुवा एका पट्टीत, बासरी दुसऱ्या पट्टीत. मंडपात बसलेल्या म्हातारीलाही ते कळतं. डबलबारीत, म्हणजे दोन बुवांच्या भजनाच्या सामन्यात, समोरचे बुवा तर पुढच्या बारीत त्यावरूनच सुरुवात करतात.

यावर उपाय दोन. मोठ्या यामाहात मेमरी दाबल्यावर कोणकोणत्या गोष्टी साठवायच्या याची यादी येते. तिथे ट्रान्सपोजसमोरची खूण काढून टाका. टेम्पोसमोरचीही काढलेली बरी, कारण भजनात लय पखवाजवाला ठरवतो, कीबोर्ड नाही. आधीच साठवून ठेवलेलं असेल तर फ्रीझ नावाची सोय आहे, खूण केलेली गोष्ट ती बदलू देत नाही. फ्रीझमध्ये ट्रान्सपोजला खूण करा आणि फ्रीझचं बटण चालू ठेवा. मग कुठलंही बटण दाबा, पट्टी जागची हलत नाही. मी भजनाच्या कार्यक्रमात फ्रीझ चालू केल्याशिवाय पहिला सूर धरत नाही.

तुमच्या मॉडेलात हे नसेल तर दुसरा उपाय. बुवांची पट्टी आधी विचारून घ्या आणि संध्याकाळी स्टेजवर गेल्यावर त्याच पट्टीत सगळी बटणं परत साठवा. सगळे टोन लावलेलेच आहेत, फक्त प्रत्येक बटण दाबून ट्रान्सपोज बदलायचं आणि त्याच बटणावर पुन्हा मेमरी करायची. साउंडवाले माईक लावेपर्यंत होऊन जातं. मध्येच पट्टी चढली तर ट्रान्सपोजला हात न लावता बोटांनी सरकवायची तयारी मात्र ठेवावी लागते. ती तयारी असावीच, पेटीवर बसणारा माणूस तेच करतो.

बटणांचा क्रम कसा लावायचा? बरेच जण वाद्यांप्रमाणे लावतात, एकावर पियानो, दोनवर स्ट्रिंग्ज वगैरे. माझं स्पष्ट मत आहे की कार्यक्रमाच्या क्रमाने लावावा. भजनाची एक बँक, मुलांच्या नाचांची दुसरी, नाटकाच्या पार्श्वसंगीताची तिसरी. बँकेत डावीकडून उजवीकडे जसा कार्यक्रम पुढे जातो तशी बटणं. गाण्यात सुरुवातीला स्ट्रिंग्ज आणि अंतऱ्याआधी सितार असेल तर ती दोन लागोपाठ ठेवा, भले स्ट्रिंग्ज दुसरीकडेही असोत. एकच टोन दोन-तीन बटणांवर असायला काहीच हरकत नाही. आणि प्रत्येक बँकेत पहिलं बटण मी पेटीचं ठेवतो. कार्यक्रम भरकटला, निवेदकाने क्रम बदलला, काय चाललंय तेच कळेना, तर डोळे न उचलता एक नंबर दाबायचा. आपल्याकडच्या कुठल्याही गाण्याखाली पेटी चालून जाते.

ज्या मॉडेलात रजिस्ट्रेशन पुढे-मागे करायचं काम पेडलला देता येतं, तिथे ते जरूर द्या. दोन्ही हात पट्ट्यांवर राहतात.

आवाजाची पातळी साठवताना हेडफोनवर विश्वास ठेवू नका. हेडफोनमध्ये बासरी आणि सितार सारख्या वाटतात, पण मंडपातल्या मोठ्या स्पीकरवर सितार कानात घुसते आणि बासरी पखवाजाखाली दबून जाते. एकदा मंडळाच्या मिक्सरला जोडून, कुणाला तरी मागच्या खुर्च्यांपाशी उभं करून, सगळी बटणं एकामागून एक वाजवून बघा. जो टोन उडी मारतो त्याचा व्हॉल्यूम उतरवा आणि परत साठवा. हे केलं नाही तर कार्यक्रमभर साउंडवाला मिक्सरवर तुमच्या आवाजाचा फेडर वरखाली करत बसतो.

बदल नेमका कधी करायचा, हेही बसवून घ्या. बऱ्याच कीबोर्डांत टोन बदलला की धरलेला सूर तुटतो. म्हणून बटण दाबायचं ते ओळ संपून बुवा श्वास घेतात तेव्हा. स्टाइल चालू असेल तर नवीन स्टाइल पुढच्या आवर्तनाच्या सुरुवातीला लागते, तेव्हा थोडं आधी दाबलं तरी चालतं.

पेनड्राइव्हबद्दल. वर म्हटलं तसं बटणात पत्ता साठतो. तुम्ही बाहेरून आणलेली ढोलकीची स्टाइल पेनड्राइव्हवरूनच लावून बटणावर ठेवली असेल तर तोच पेनड्राइव्ह, त्याच फोल्डरसकट, कार्यक्रमात लावलेला हवा. घरी विसरलात तर बटण पेटेल पण स्टाइल येणार नाही. शक्य असेल तर स्टाइल आधी कीबोर्डच्या आत कॉपी करा आणि मग बटणावर लावा. पेनड्राइव्ह कीबोर्डमध्येच फॉरमॅट करा. बँकेच्या फाइलची एक प्रत दुसऱ्या पेनड्राइव्हवर काढून घरी ठेवा. आपल्याकडची खारी दमट हवा बटणांच्या आतल्या कॉन्टॅक्टना आणि यूएसबीच्या तोंडालाही लागते. कीबोर्ड नेहमी झाकून ठेवा, कीबोर्डच्या केसमध्ये सिलिका जेलच्या (ओल शोषणाऱ्या) पुड्या टाका. एखादं बटण जोर दिल्याशिवाय घेत नसेल तर दुरुस्तीला द्या, तोवर महत्त्वाचा टोन त्या बटणावर ठेवू नका.

आणखी एक. नवीन मॉडेलांत ऑटो पॉवर ऑफ असतं. साधारण अर्धा तास कुणी हात लावला नाही की कीबोर्ड आपोआप बंद होतो. सत्कार आणि भाषणं अर्ध्या तासाच्या वर जातातच. सेव्ह न केलेली बँक अशा वेळीही जाते. यामाहात डाव्या टोकाची, सर्वांत खालच्या सुराची पट्टी दाबून धरून स्वीच चालू केला की ही सोय बंद होते, इतर कंपन्यांत मेनूमध्ये सापडते.

तुम्ही मॉडेलचं नाव लिहिलेलं नाही. कीबोर्डच्या मागच्या किंवा खालच्या पट्टीवर ते असतं. कळवलंत तर त्या मॉडेलात नेमकी कोणती बटणं दाबायची ते लिहितो.