जुन्या फायलींसाठी खोलीचं भाडं भरत राहावं, की सगळं स्कॅन करून टाकावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: भोसरी एमआयडीसीत लहान कारखाना, १९९६ पासूनचे कागद, १४ लोखंडी कपाटं आणि त्यांच्यासाठी महिना ९,००० रुपये भाड्याची वेगळी खोली. मालक म्हणतात, सगळं स्कॅन करू आणि खोली सोडून देऊ. यात खरंच पैसे वाचतील का?

मी नारायण पेठेतल्या एका सीए ऑफिसचं रेकॉर्ड २० वर्षं सांभाळतेय आणि हे काम स्वतः केलंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी मालकांच्या मनातला हिशेब मांडू. एका कपाटात साधारण ५५ बॉक्स फायली आणि फायलीत ४०० पानं धरली, तर १४ कपाटांची ३ लाख ८ हजार पानं होतात. आम्ही दर मागवले तेव्हा पानाला ६० पैशांपासून दीड रुपयापर्यंत आकडे आले होते. रुपया धरा. तीन लाखांचा खर्च, आणि भाडं वाचणार वर्षाला १ लाख ८ हजार. म्हणजे तीन वर्षांच्या आत पैसे वसूल.

पण यात गफलत आहे. खोली रिकामी होते ती कागद बाहेर गेल्यामुळे, आणि तुमचे बरेचसे कागद स्कॅन न करताही बाहेर जाऊ शकतात. कंपनी कायद्याप्रमाणे हिशेबाची पुस्तकं आणि व्हाउचर मागची ८ आर्थिक वर्षं ठेवायची असतात. जीएसटीचे कागद वार्षिक रिटर्नच्या मुदतीच्या तारखेपासून ७२ महिने. अपील किंवा चौकशी चालू असेल तर तेवढी फाइल वेगळी बांधा, तिला हात लावू नका. १९९८ ची चहापाण्याची व्हाउचर स्कॅन करायला पानामागे रुपया कशाला मोजायचा? तुमच्या सीएंना घेऊन बसा, वर्षवार यादी करा, त्यांची सही घ्या आणि मग श्रेडरमध्ये घाला. रद्दीवाल्याला तशीच देऊ नका. त्या कागदांवर लोकांचे पॅन आणि बँक खात्यांचे नंबर असतात.

आमच्याकडे ११ कपाटांची वेचणी केली, तेव्हा ४ उरली. तुमचीही १४ ची ४ झाली असं समजा. दार उघडायची जागा धरून एका कपाटाला १५ चौरस फूट पुरतात, म्हणजे ६० चौरस फूट. ती ऑफिसातच कुठेतरी मावतील. भाड्याची खोली सुटली आणि अजून एकही पान स्कॅन झालेलं नाही.

आता उरलेल्या २२० फायलींचा विचार करा. इथे भाड्याचा प्रश्नच नाही, फाइल किती वेळा लागते याचा आहे. महिनाभर कपाटापाशी एक वही ठेवा: कोणती फाइल, कोणी, शोधायला किती वेळ. आमच्या वहीत बहुतेक नोंदी गेल्या तीन वर्षांच्या फायलींच्या निघाल्या. तेवढ्याच आधी स्कॅन केल्या.

खर्चाचं खरं दुखणं स्कॅनर नाही, हात आहेत. मिनिटाला ३०-४० पानं ओढणारं मशीन ४०० पानं पाव तासात संपवतं. पण त्याआधी गंजलेल्या टाचण्या काढायच्या, पिना उचकटायच्या, टॅग सोडायचे, दुमडलेले कोपरे सरळ करायचे. टाचणीच्या गंजाने कागद त्याच जागी विरलेला असतो, ओढलात की तुकडा हातात येतो. नंतर प्रत्येक फाइलला नाव देणं आणि पान वाकडं आलं का, सुटलं का ते बघणं. फाइलमागे दीड तास धरा. २२० फायलींचे ३३० तास, म्हणजे एका माणसाचे आठ तासांचे ४१ दिवस. दर मागताना टाचण्या कोण काढणार आणि नावं कोण देणार, हे आधी विचारा. आम्हाला ६० पैशांचा दर मिळाला होता त्यात दोन्ही नव्हतं, आणि त्यांनी दाखवलेल्या नमुन्यात फायलींची नावं नुसती आकड्यांची होती. तशा ढिगापेक्षा कपाट बरं, निदान पाठीवरची चिठ्ठी वाचता येते.

साठवणुकीचा खर्च मात्र फार नाही. काळ्या-पांढऱ्या स्कॅनचं ए-फोर पान ३०० डीपीआयला (म्हणजे इंचाला ३०० ठिपके) साधारण १०० केबीचं धरलं, तरी ८८,००० पानं ९ जीबीत बसतात. प्रती तीन ठेवा, त्यातली एक ऑफिसबाहेर, आणि दर वर्षी उघडून बघा. आमच्या एका अशिलाने २००३ चं रेकॉर्ड सीडीवर ठेवलं होतं. उघडायला गेलो तर चकचकीत थराचे पापुद्रे सुटलेले.

कागदालाही भरवसा नाही. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याचं पाणी सहकारनगरकडे शिरलं, तेव्हा आमच्या एका अशिलाच्या तळमजल्यावरच्या गोदामात खालच्या दोन फळ्या बुडाल्या. फायली फुगून एकमेकींत अशा घट्ट बसल्या की एकही ओढून निघेना. शेवटी फळीच कापावी लागली. म्हणून उरलेल्या चार कपाटांत खालची फळी मोकळी सोडा.

आणि काही कागद स्कॅन झाले तरी मूळ प्रत जपायचीच: एमआयडीसीचा भाडेकरार, कुलमुखत्यारपत्र, बँकेचे तारण-कागद, सहीवरून वाद होऊ शकेल असा प्रत्येक करार. कोर्टात इलेक्ट्रॉनिक नोंद पुढे करायची तर भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे हॅश व्हॅल्यूसह (फाइलमध्ये नंतर बदल झालेला नाही हे पडताळायची आकड्या-अक्षरांची खूण) प्रमाणपत्र लागतं, ते दोन भागांत असतं आणि दुसरा भाग तज्ज्ञाने भरायचा असतो. कामगारांच्या सेवेच्या नोंदी तर कितीही जुन्या असोत, टाकू नका. २५ वर्षांपूर्वी लागलेला माणूस निवृत्त होताना पीएफ आणि ग्रॅच्युइटीसाठी तुमच्याकडेच येणार, आणि त्याची रुजू तारीख त्या पिवळ्या पडलेल्या हजेरीपुस्तकातच असेल.