शिरपेच घालायचा की बांधायचा?

प्रश्न मिरजेहून आलाय. शिवजयंतीसाठी मंडळाची पोरं भिंतीवर महाराजांचं चित्र रंगवत होती. एक आजोबा बघून म्हणाले, "सगळं झालं, पण शिरपेच राहिला की!" पोरं चक्रावली; पागोटं तर काढलं होतं. शिरपेच म्हणजे पागोटंच ना? नसेल तर 'शिरपेचात मानाचा तुरा' कसा?

आजोबांचं बरोबर आहे. शिरपेच म्हणजे पागोट्यावर, कपाळाच्या वरच्या बाजूला बांधायचा जडावाचा दागिना. मूळ फारसी 'सरपेच': सर म्हणजे डोकं, पेच म्हणजे वेढा, पीळ. मराठीनं 'सर'चं 'शिर' करून तो घरचा करून टाकला. तालमीतल्या डावपेचातला पेचही हाच. सांगलीकरांना तो काय समजावायचा! हा दागिना दोऱ्यांनी मागे बांधत. त्यामुळे बातमीत 'शिरपेच घातला' वाचलं की मला भातात खडा लागल्यासारखं होतं.

तुऱ्याची गंमत वेगळीच. अरबी-फारसीत 'तुर्रा' म्हणजे कपाळावर रुळणारी केसांची बट. पुढे पागोट्यावरचा झुबका तुरा झाला, मग कोंबड्याला आला, उसालाही आला. उसाचा तुरा मात्र मानाचा नव्हे. तोड लांबली आणि फड तुऱ्यावर आला की वाढ थांबते, वजन घटतं आणि मालकाचं तोंड उतरतं. असो. कित्येक शिरपेचांना पीस खोवायला मागे नळी असे, तेव्हा 'शिरपेचात तुरा खोवला' हे अगदी रास्त मराठी आहे.

दरबारात शिरपेच बक्षीस म्हणून मिळे. म्हणजे चित्रात तो नुसती शोभा नसतो, माणसाचा हुद्दा सांगतो. चेहराही बोलतो: महाराजांच्या जुन्या चित्रांत टोकदार दाढी दिसते, तर पहिल्या बाजीरावाच्या चित्रांत हनुवटी गुळगुळीत आणि वर मिशी. जाम्याचे, म्हणजे लांब घेरदार अंगरख्याचे, बंदही बघा. मोगल चित्रांत ते डाव्या बगलेखाली असले तर माणूस हिंदू, उजव्या असले तर मुसलमान, असा संकेत होता. दाढी आणि बंद चुकले की माणूसच बदलतो.

पोरांनी पाठवलेल्या फोटोत मिशी झकास जमलीये. फक्त खाली लिहिलंय, 'मिशीला पेच दिला'. मिशीला पीळ देतात रे! पेच पागोट्याला.